पोट पडलं की पाडलं?

मराठीत ‘पोट पडलं’ आणि ‘पोट पाडलं’ यांत एका कान्याचा फरक आहे. पहिल्यात गर्भपात आपोआप झाला, दुसऱ्यात तो करून घेतला. कॉटच्या पायथ्याशी सासू उभी असेल, शेजारच्या कॉटवरची बाई कान देऊन ऐकत असेल, तर सांगणारी तो काना गिळते, आणि ऐकणारा रेसिडेंट वहीत ‘ए वन’ लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. परीक्षेत थोड्या वेळाने एक्स्टर्नल एक्झामिनर विचारतो: गर्भपात कितव्या महिन्यात, आपोआप की केलेला, नंतर पिशवी साफ करावी लागली का, बाई आरएच निगेटिव्ह आहे तर तेव्हा अँटी-डी दिलं होतं का? उमेदवाराला वारंवार होणाऱ्या गर्भपाताची कारणं तोंडपाठ असतात, अँटी-डीचा डोस मायक्रोग्रॅममध्ये सांगता येतो. या बाईचं काय झालं, तेवढं सांगता येत नाही. या पुस्तकाचा सगळा खटाटोप त्या गिळलेल्या कान्यासाठी आहे.

स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातल्या एमएसची परीक्षा म्हणजे आधी चार लेखी पेपर आणि मग प्रात्यक्षिक: प्रसूतीची केस, स्त्रीरोगाची केस, आणि त्यानंतर टेबलांची रांग. टेबलांवर अवजारं, फॉर्मलिनमधले नमुने, औषधं, सोनोग्राफीच्या फिल्म, कुटुंबनियोजनाची साधनं, बाहुली आणि हाडांचं पेल्व्हिस. तयारी बहुधा टेबलांपासून सुरू होते, आणि त्यात नवल नाही. टेबलावर काय काय येऊ शकतं याची यादी कुठेतरी संपते. बाई काय म्हणेल याची यादी संपत नाही. संपणारी यादी माणूस आधी हातात घेतो. त्यामुळे परीक्षेला आठ दिवस उरले असताना रिग्लीचा आणि कीलँडचा चिमटा डोळे मिटून ओळखणारे उमेदवार खोलीखोलीत सापडतात. पण ‘अंगावर जास्त जातं’ हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न काय विचारायचा, याची उजळणी कोणी करत नाही. ते ‘येतंच’ असं गृहीत धरलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच, की प्रात्यक्षिक परीक्षेत खरी कसोटी लागते ती बाईच्या बोलीतून वैद्यकाच्या बोलीत जाताना, आणि तयारी सर्वांत कमी होते तीही तिथेच. हे नुसतं मत म्हणून सोडून देण्यासारखं नाही, म्हणून एकेक जागा दाखवतो.

पाळीच्या तारखेपासून सुरुवात करू, कारण गरोदर बाईच्या केसमधलं सगळं गणित तिच्यावर उभं असतं. नेगेलचा नियम सोपा आहे: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस आणि नऊ महिने मिळवा. पण पुष्कळ बायका तारीख सांगत नाहीत, सण सांगतात. ‘गणपती बसले त्याच दिवशी मी बाहेरची झाले.’ ही आठवण पक्की असते, आणि ती पक्की का असते तेही त्याच वाक्यात आहे: घरात पूजा चालली होती आणि तिला लांब राहावं लागलं. आता गणपती म्हणजे सप्टेंबरचा मध्य, असा अंदाज बांधून पुढे गेलेला उमेदवार पाहा. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, म्हणून चतुर्थी १९ सप्टेंबरला गेली. २०२४ मध्ये ती ७ सप्टेंबरला होती. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. म्हणजे २०२५ च्या चतुर्थीला पाळी आलेल्या बाईच्या बाबतीत १५ सप्टेंबर धरला तर १९ दिवसांची चूक होते. पूर्ण ३६ आठवड्यांची गरोदर बाई कागदावर ३३ आठवडे २ दिवसांची होते, आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी ३४ आठवड्यांच्या आत द्यायच्या डेक्सामेथासोनवर चर्चा सुरू होते, जिची या बाईच्या बाबतीत गरजच नाही. ही चूक टाळायला लागतं काय? भिंतीवरचं कॅलेंडर. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न पुढे आहे, आणि तो पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतो: ‘सणासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या का?’ महाराष्ट्रात गौरी-गणपतीच्या आधी या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. गोळ्या थांबवल्यावर झालेला रक्तस्राव बाईच्या लेखी पाळीच असते. पण नेगेलचा नियम २८ दिवसांचं नियमित चक्र गृहीत धरतो, आणि गोळ्यांनी तेच गृहीतक मोडलेलं असतं.

महिन्यांचं तसंच. ‘सातवा लागला’ याचा अर्थ सहा महिने पुरे झाले, म्हणजे साधारण २६ आठवडे. ‘सातवा सरला’ म्हणजे ३० च्या वर. ऐकणाऱ्याने दोन्हींसाठी ‘सात महिने’ लिहिलं की चार आठवडे हवेत गेले. त्यात काही घरांत मोजणी पाळी चुकली तिथून होते, म्हणजे आणखी एक महिना इकडचा तिकडे. याला पर्याय म्हणून डोहाळजेवण कधी झालं, बाळ पहिल्यांदा कधी फिरल्यासारखं वाटलं, हे विचारता येतं. पहिलटकरणीला ते अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास जाणवतं, पुढच्या खेपेला थोडं आधी. इथे हमखास आक्षेप येतो, की सोनोग्राफीच्या जमान्यात हे कशाला? आक्षेप अर्धा खरा आहे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची लांबी मोजून काढलेलं वय बाईच्या आठवणीपेक्षा भरवशाचं असतं. चूक झालीच तर आठवडाभराची. पण पहिली सोनोग्राफीच आठव्या महिन्यात झाली असेल तर तिची चूक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे जेवढी चूक सुधारायला आपण तिच्याकडे गेलो जवळपास तेवढीच. आणि परीक्षेत केस म्हणून कॉटवर येणाऱ्या बायकांमध्ये उशिरा नाव घातलेल्या, दोन गावांत दोन कार्डं असलेल्या बायका कमी नसतात. यंत्राने काढलेला आकडा कोणत्या आठवड्यात काढला, हे विचारायलाही बोलता यावंच लागतं.

आता असा शब्द घेऊ, जो मराठी घरात दिवसातून दहादा उच्चारला जातो: पित्त. डोकं दुखलं की पित्त, उलटी झाली की पित्त, छातीखाली जळजळलं की पित्त. आठव्या-नवव्या महिन्यातल्या, रक्तदाब वाढलेल्या बाईमध्ये हीच तीन लक्षणं एकत्र आली तर झटके येण्याची ती पूर्वसूचना असू शकते. पोटाच्या वरच्या खड्ड्यातलं दुखणं यकृताकडे बोट दाखवत असतं. बाई ‘पित्त झालंय’ म्हणते, सासू दुजोरा देते, आणि रेसिडेंटही ‘ॲसिडिटी’ लिहून मोकळा होतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त बायका होत्या, आणि मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला. या औषधाची प्रिचर्ड पद्धत परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते: शिरेतून ४ ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत मिळून १० ग्रॅम, मग दर चार तासांनी ५, आधी गुडघ्याचा झटका बघा, श्वास मोजा, लघवी बघा, कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवा. हे सगळं झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. पण हे औषध काढायची वेळ आली आहे हे ठरतं कशावर? बऱ्याचदा ‘पित्त’ या शब्दावर न थांबता ‘म्हणजे नेमकं कुठे, कधीपासून, डोळ्यापुढे काजवे चमकतात का, बाळाच्या आधीही असं पित्त व्हायचं का’ असं विचारण्यावर. मातामृत्यूंचा विचार करताना थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये तीन उशिरांची मांडणी केली. त्यातला पहिला उशीर घरातला, धोका ओळखून निघायचं ठरवण्यातला. घरातला शब्द डॉक्टरने जसाच्या तसा केसपेपरवर उतरवला, तर तो उशीर दवाखान्याच्या दारातून आत येऊन कॉटवर बसतो. नमुना नोंदणी पाहणीच्या २०१८-२० च्या आकड्यांत दर लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या, देशात ९७. राज्य बरंच पुढे आलं आहे, यात शंका नाही; पण उरलेल्यांपैकी कितीजणी अशाच एखाद्या शब्दाआड अडकल्या असतील, हे ते आकडे सांगत नाहीत.

स्त्रीरोगाच्या केसमध्ये गोंधळ वाढतो, कारण तिथे एकटी ‘पिशवी’ सगळा भार वाहते. पिशवी साफ केली, पिशवीला टाका घातला, पिशवीला सूज आहे, पिशवी खाली आली, पिशवी काढली. ‘पिशवीचं ऑपरेशन झालंय’ एवढ्यावरून गाठ काढली, गर्भाशय काढलं की मुलं बंद करायचं बिनटाक्याचं ऑपरेशन केलं, हे कळत नाही. सहा वर्षांपूर्वी गर्भाशय काढलेल्या बाईला शेवटची पाळी विचारणारे उमेदवार यातूनच जन्माला येतात. पांढरं पाणी जाण्याची तक्रार तर स्वतंत्र प्रकरणाची धनी आहे, आणि तिच्यावर आपल्याच भागात झालेली दोन कामं शेजारी ठेवून वाचावीत. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ च्या ‘लॅन्सेट’मधल्या त्या निबंधात ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि याआधी तपासणी व उपचार झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. जवळपास निम्म्या बायकांनी स्वतःहून कसलीही तक्रार केलेली नव्हती. म्हणजे रोग आहे, शब्द नाही. उलट गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाहणीत पांढरं जाण्याच्या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि अंगातल्या थकव्याशी अधिक घट्ट दिसलं. म्हणजे शब्द आहे, आणि रोग भलतीकडेच. या दोन टोकांच्या मधे उमेदवार उभा असतो. ‘पांढरं जातं’ ऐकून थेट संसर्गाची औषधं लिहिणारा आणि ‘काही नसतं हो यांना’ म्हणणारा, दोघेही तेवढेच चुकतात. या चुकीची किंमत परीक्षेच्या गुणांत मोजून भागत नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड मजूर बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याचं उघड झालं आणि २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरं पाणी, कंबरदुखी, अंगावरून जाणं असल्या तक्रारींवर थेट पिशवी काढण्याचा सल्ला मिळाल्याच्या कहाण्या तेव्हा पुढे आल्या. तक्रार आणि शस्त्रक्रिया यांच्या मधे जे प्रश्न विचारायचे असतात, तीच तर ही परीक्षा.

टेबलांची तयारी वाया जाते असं मला म्हणायचं नाही. उलट टेबलावरच्या वस्तूही नीट पाहिल्या तर त्याच वाटेला आणून सोडतात. विठ्ठल शिरोडकर गोव्यातल्या शिरोड्याचे; १९५५ मध्ये त्यांनी गर्भाशयमुखाला घालायचा टाका प्रसिद्ध केला आणि त्यांचं नाव जगभरच्या प्रसूतिगृहांत गेलं. व्हायव्हात टाक्याचा धागा विचारतात, तो कोणत्या पातळीवर घालायचा ते विचारतात, मॅकडोनाल्डच्या टाक्यापेक्षा वेगळा कसा ते विचारतात. पण हा टाका कोणाला घालायचा? आज सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची लांबी मोजता येते, तरी एक मोठा गट असा आहे की जिथे टाका ठरतो तो केवळ हकिगतीवर: पाचव्या-सहाव्या महिन्यात, दुखल्याशिवाय, पुन्हा पुन्हा गर्भ गेला. आणि बाई ती हकिगत पुस्तकासारखी सांगत नाही. ती म्हणते, ‘कळा आल्याच नाहीत, लघवीला बसले नि झालं.’ त्या ‘आल्याच नाहीत’मधल्या ‘च’वर शिरोडकरांचा टाका उभा आहे. सिम्सच्या स्पेक्युलमची गोष्ट याच्या उलट. १८४० च्या दशकात अलाबामात जे. मॅरियन सिम्स यांनी लघवी झिरपणाऱ्या योनिमार्गाच्या दुखापतीवर शस्त्रक्रिया बसवली ती अनार्का, बेट्सी, लुसी अशा गुलाम बायकांवर, भुलीविना, पुन्हा पुन्हा. अवजाराला डॉक्टरचं नाव मिळालं. त्या बायका काय म्हणाल्या ते त्यांच्या शब्दांत कुठेच उतरलेलं नाही. व्हायव्हात हा प्रश्न येत नाही, पण स्पेक्युलम हातात घेताना आठवायला हरकत नसावी.

मोठा आक्षेप परीक्षेच्या बाजूने येतो, आणि तो चुकवता येणार नाही. परीक्षेतली बाई म्हणजे नेहमीची पेशंट नव्हे. सकाळपासून चौघांना तीच हकिगत सांगून ती सराईत झालेली असते; उमेदवार स्टूल ओढून बसतो न बसतो तोच ‘मला वार खाली आहे, रक्त गेलं तेव्हा दुखलं नव्हतं’ असं सगळं निदान पदरात टाकते. मग बोली उलगडायचा प्रश्नच कुठे येतो? येतो, कारण एक्झामिनरलाही ही बाई सराईत आहे हे ठाऊक असतं. म्हणून तो निदानापाशी थांबत नाही. निदान तिने सांगितलं की तुम्ही काढलं, हे तो पुढच्या दोन प्रश्नांत वेगळं करतो. दुसरा आक्षेप असा, की एकाच लाँग केसवर उमेदवाराला जोखणं अन्यायाचं आहे. हे मला मान्य आहे. एकाला साधी पहिलटकरीण मिळते, दुसऱ्याला हृदयाची झडप खराब असलेली, सिझर झालेली, जुळी असलेली. यात नशीब आहेच. हार्डन आणि त्यांच्या डंडीतल्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ऑस्कीची पद्धत मांडली ती याच अडचणीवर, आणि अनेक छोट्या स्थानकांतून सगळ्यांना सारखेच प्रश्न देणारी ती पद्धत जास्त न्याय्य आहे. पण ऑस्की आली म्हणजे बाईचं बोलणं गेलं, असं नव्हे. ब्रिटनच्या एमआरसीओजी परीक्षेचा तिसरा भाग २०१६ पासून स्वतंत्र आहे: चौदा स्थानकं, प्रत्येकी बारा मिनिटं. तिथे ज्या पाच अंगांनी उमेदवाराला जोखतात, त्यांत पेशंट व कुटुंबीयांशी संवाद हे एक आणि माहिती काढून घेणं हे दुसरं. मुंबई-पुण्याहून ती परीक्षा द्यायला जाणाऱ्यांना ज्ञान कमी पडत नाही. समोर पेशंट म्हणून बसलेल्या नटीने दुःख सांगितलं की तिला पूर्ण बोलू देणं कमी पडतं.

आणखी एक प्रश्न विचारला जातो, आणि तो रास्त आहे: राज्याच्या सरकारी महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरतात, केरळहून किंवा बिहारहून आलेल्या मुलीने मराठीतलं हे पुस्तक वाचायचं कसं? तिच्यासाठी बाईच्या प्रत्येक वाक्याचा अर्थ आणि तो बदलतो कुठे, हे पुढे सोप्या मराठीत दिलं आहे. तीन महिने वॉर्डात काढलेल्या कोणालाही ते पेलेल. पण खरं सांगायचं तर धोका तिला कमी आहे. जिला मराठी येत नाही ती सिस्टरला विचारते, मावशीला विचारते, ‘म्हणजे काय?’ म्हणते. ज्याला मराठी येतं त्याला वाटतं, आपल्याला कळलं. पुण्याच्या पेठेत वाढलेल्या मुलाला ‘मायांग बाहेर येतं’ कळेलच असं नाही, आणि मेळघाटातल्या कोरकू बाईसमोर किंवा भामरागडच्या माडिया बाईसमोर त्याचं मराठी केरळच्या मुलीइतकंच परकं असतं. परीक्षा इंग्रजीत द्यायची असते, हे खरंच आहे. म्हणून तर दोन भाषांमधली वाट आधी चालून ठेवायची. केस मांडताना तक्रारीची ओळ बाईच्या शब्दांत म्हणून मग इंग्रजीत सांगणारा उमेदवार वेळ घालवत नाही. आपण काय ऐकलं आणि त्यातून काय काढलं, हे दोन्ही तो एक्झामिनरच्या समोर ठेवतो.

हाताने तपासायच्या भागाबद्दल मी इथे थोडक्यात लिहितो, कारण पुढे दोन प्रकरणं त्यालाच वाहिली आहेत. लघवी करून आली आहे का हे विचारा, नाहीतर भरलेल्या मूत्राशयाने गर्भाशयाची उंची फुगलेली दिसते. हात चोळून गरम करा. टेप लावताना आकड्यांची बाजू खाली ठेवा, म्हणजे डोळा हाताला फसवणार नाही. पहिल्या तीन पकडींत तोंड बाईकडे, चौथीत पायांकडे. आणि पोट दाबताना तिच्या चेहऱ्याकडे पाहा; ‘दुखतं का’ याचं उत्तर तोंडातून येण्याआधी कपाळावर येतं, आणि एक्झामिनर नेमकं तेच पाहत असतो.

आता या पुस्तकाच्या मांडणीविषयी. प्रत्येक केस समोरासमोरच्या दोन पानांवर दोन रकान्यांत आहे. डाव्या रकान्यात बाईचं बोलणं, ती ज्या क्रमाने सांगते त्याच क्रमाने. मधे अडखळणं, नवऱ्याने मधेच बोलणं, कार्ड शोधणं, सगळं ठेवलं आहे. उजव्या रकान्यात परीक्षेची मांडणी: गरोदरपणांची संख्या, आठवडे, तक्रारींचा कालक्रम, तपासणी, तात्पुरतं निदान, आणि त्याच्या विरोधात जाणारे मुद्दे. पहिल्या बारा केसेसमध्ये उजवा रकाना भरून दिला आहे, पुढच्या बारांत अर्धा, आणि शेवटच्या बारांत कोरा. दोघांनी मिळून वाचलं तर बरं. एकाने डावा रकाना मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने पुस्तक न पाहता केस मांडायची, घड्याळ लावून. तिसऱ्या भागातली पहिलीच केस चौतीस वर्षांच्या, चौथ्या खेपेच्या बाईची आहे. नववा लागलेला, पायांना सूज, हातात दोन गावांची दोन कार्डं. डाव्या रकान्यात तिचं पहिलं वाक्य असं आहे: ‘मला काही होत नाही, जरा पित्त आहे; यांनी आणलं म्हणून आले.’